दुधाचा चहा, कोरा चहा, ग्रीन टी : कोणती प्रक्रिया कोणत्या कपासाठी

चहा घ्यायला दुकानात उभे राहिले की आपण बहुधा दोनच गोष्टी पाहतो : पुडा कोणत्या कंपनीचा आहे आणि किलोचा भाव काय आहे. त्या पानांवर कारखान्यात कोणती प्रक्रिया झाली, ही तिसरी गोष्ट पुड्यावर बारीक अक्षरांत छापलेली असते आणि ती नजरेतून सुटते. माझ्या मते चहाची निवड या तिसऱ्या गोष्टीवरूनच सुरू व्हायला हवी, कारण कपात दूध घालता येईल की नाही, पाणी किती तापवायचे, तीच पाने दुसऱ्यांदा वापरता येतील की नाही आणि पुडा किती महिने टिकेल, हे सारे बागेच्या नावापेक्षा प्रक्रियेवर अधिक अवलंबून असते. ज्या घरात वर्षानुवर्षे पातेल्यातला दुधाचा चहा होतो आहे आणि आता कोणीतरी दार्जिलिंग, ग्रीन टी किंवा ऊलाँग आणावा म्हणते आहे, त्या घराला निर्णय घेताना उपयोग व्हावा म्हणून ही तुलना मांडत आहे.

झाड एकच

काळा, हिरवा, पांढरा आणि ऊलाँग ही वेगवेगळ्या झाडांची नावे नाहीत. हे सगळे चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच वनस्पतीच्या कोवळ्या पानांपासून होतात. तिचे दोन मुख्य उपप्रकार आहेत. लहान पानाचा आणि थंडी सोसणारा चिनी उपप्रकार दार्जिलिंगच्या उतारांवर लावला गेला, तर रुंद पानाचा आसामी उपप्रकार ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील उष्ण आणि दमट हवेत मुळातच वाढत होता. रॉबर्ट ब्रूस या व्यापाऱ्याला १८२३ मध्ये त्याचा पत्ता लागला, पण सिंगफो लोक त्याच्या कितीतरी आधीपासून त्या पानांचा काढा पीत होते. आपल्या परसातला गवती चहा मात्र या कुळातला नाही. ते सुगंधी गवत आहे, त्यात कॅफीन नसते आणि पुढील विवेचन त्याला लागू पडत नाही.

एकाच पानातून इतके निराळे चहा कसे होतात, हे समजायला स्वयंपाकघरातले वांगे पुरेसे आहे. वांगे चिरून तसेच ठेवले की फोडी काळ्या पडतात, म्हणून आपण त्या पाण्यात टाकतो. चिरताना पेशी फुटतात, आतले विकर म्हणजे एन्झाइम आणि पॉलिफेनॉल ही रसायने एकत्र येतात आणि हवेतील प्राणवायूमुळे त्यांचा रंग बदलतो. चहाच्या पानातही नेमके हेच घडते. पान चुरगळले की त्यातील कॅटेचिन या तुरट, रंगहीन द्रव्यांपासून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन ही नवी द्रव्ये तयार होतात. त्यातले पहिले चहाला सोनेरी चमक आणि जिभेवर जाणवणारी तरतरी देते, दुसरे लालसर तपकिरी रंग आणि भरीवपणा देते. हा बदल पूर्ण होऊ दिला तर काळा चहा, मध्येच थांबवला तर ऊलाँग आणि सुरूच होऊ दिला नाही तर हिरवा चहा होतो. कारखान्यात या टप्प्याला सवयीने ‘फर्मेंटेशन’ म्हणतात आणि मराठीतही ‘चहा आंबवतात’ असे लिहिले जाते, पण त्यात दही विरजताना किंवा इडलीचे पीठ फुगताना काम करतात तसे जंतू काम करत नाहीत. हे निव्वळ ऑक्सिडीकरण आहे. खरोखर आंबवलेला चहा वेगळा आहे आणि त्याचा उल्लेख पुढे येईल.

सीटीसी आणि ऑर्थोडॉक्स

भारतीय घराला खरा निर्णय घ्यायचा असतो तो या दोघांत. दोन्ही काळेच चहा आहेत, दोन्हींची सुरुवात ‘दोन पाने आणि एक कळी’ खुडण्यापासून होते, दोन्हींत साधारण साडेचार किलो ओल्या पानांपासून एक किलो चहा मिळतो आणि दोन्हींत पाने आधी जाळीच्या लांब हौदांवर पसरून, खालून हवा सोडून, कित्येक तास कोमेजवली जातात. फरक त्यानंतर पडतो.

ऑर्थोडॉक्स पद्धतीत कोमेजलेले पान वळले जाते. पूर्वी हे काम तळहातांनी होत असे, आता गोल फिरणारी यंत्रे तेच करतात. पानाला पीळ बसतो, पेशी फुटून रस पृष्ठभागावर येतो, पण पान बऱ्याच अंशी अखंड राहते. वळण्याआधी पान चांगले मऊ पडलेले असावे लागते, नाहीतर ते तुटते, म्हणून येथे कोमेजवण्याचा काळ मोठा असतो. त्यानंतर थंड, दमट खोलीत पाने पातळ थरात पसरून ठेवतात. साधारण दोन-तीन तासांत रंग तांब्यासारखा होतो, वास गवताकडून फळाकडे वळतो, आणि योग्य क्षणी गरम हवेच्या भट्टीत वाळवून सारे थांबवले जाते. तो क्षण नाकाने ओळखणारा माणूस आजही कारखान्यात महत्त्वाचा असतो.

सीटीसी ही इंग्रजी आद्याक्षरे आहेत. त्यांचा अर्थ चिरडणे, फाडणे आणि गोलवणे. आसाममधील अमगुरी बागेत १९३० च्या सुमारास विल्यम मॅकर्चर यांनी हे यंत्र घडवले. बारीक दातांचे दोन पोलादी रूळ एकमेकांना जवळजवळ चिकटून उलट दिशांनी फिरतात, आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या सुमारे दहापट वेगाने फिरतो. पान त्यांच्यामधून तीन-चार वेळा गेले की त्याचा हिरवा लगदा होतो आणि तो पुढे गोल दाण्यांच्या रूपात येतो. जवळजवळ प्रत्येक पेशी फुटलेली असल्यामुळे ऑक्सिडीकरण झपाट्याने होते. तासाभराच्या आसपास दाणा तपकिरी होतो आणि वाळवायला जातो. आपल्याकडे किराणा दुकानात ज्याला दाणेदार चहा किंवा ममरी म्हणतात, तो हाच. भारतात वर्षाला होणाऱ्या सुमारे १३० कोटी किलो चहात याचाच वाटा फार मोठा आहे.

हा फरक वाचण्यापेक्षा पाहिल्यावर अधिक पटतो. चहाचे परीक्षक १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटे असे प्रमाण धरतात. तेच प्रमाण धरून मी घरी दोन काचेच्या पेल्यांत आसामचा सीटीसी आणि दार्जिलिंगचा ऑर्थोडॉक्स शेजारी शेजारी ठेवले. पहिल्याच मिनिटात सीटीसीचा पेला विटकरी झाला, तेव्हा दार्जिलिंगचे पाणी जेमतेम फिक्या मधासारखे दिसत होते. सहा मिनिटांनंतर दोन्हींचा चोथा पांढऱ्या बशीत पसरला. सीटीसीचे दाणे भिजलेल्या नाचणीसारखे दिसत होते; त्यांत पान ओळखू येत नव्हते. दार्जिलिंगच्या चोथ्यात मात्र पाने उलगडली होती, त्यांच्या कडांची करवत दिसत होती, आणि एका देठावर दोन पाने व मधली कळी अशी अख्खी त्रिकूटे बोटाने वेगळी करता येत होती. एकाने आपल्याजवळचे सारे सहा मिनिटांत देऊन टाकले होते, तर दुसऱ्यात अजून बरेच शिल्लक होते. त्याच पानांवर पुन्हा गरम पाणी घातल्यावर दुसरा पेलाही पिण्याजोगा झाला. सीटीसीच्या दुसऱ्या पाण्याला रंग होता, चव नव्हती.

यावरून सीटीसी हलका आणि ऑर्थोडॉक्स उच्च, असा निष्कर्ष काढला जातो आणि तो मला मान्य नाही. दोन्हींचे काम वेगळे आहे. दुधातील केसीन हे प्रथिन चहातील तुरट द्रव्यांना बांधून ठेवते, म्हणून दूध घातल्यावर चहा मवाळ लागतो. अशा कपात चहाची चव उरायची असेल तर मुळात तुरटपणा आणि रंग भरपूर असावा लागतो, आणि तो थोड्या वेळात उतरावा लागतो. सीटीसीचा दाणा ही गरज पुरती भागवतो. आले, वेलची, साखर आणि म्हशीचे दूध यांच्यासमोर टिकून राहण्याची ताकद त्याच्यात आहे. पुण्यातल्या अमृततुल्यांचा चहा ज्यावर उभा आहे तो दाणा आणि ती भुकटी याच यंत्रातून आलेली आहे, आणि त्या चहात कमी दर्जाचे असे काही नाही. याउलट दार्जिलिंगची नाजूक, फुलाफळांची चव दुधाखाली दबून जाते. आमच्या एका आत्याला कोणीतरी दार्जिलिंगचा महागडा डबा भेट दिला होता. तिने तो नेहमीच्या पद्धतीने आधणात टाकून, दूध-साखर घालून उकळला आणि ‘या चहाला दम नाही’ म्हणून डबा बाजूला ठेवला. तिची तक्रार खरी होती. त्या चहाकडून जे काम मागितले गेले, त्यासाठी तो केलेलाच नव्हता.

दाणा की डस्ट

सीटीसी घ्यायचे ठरले तरी एक उपप्रश्न राहतो. वाळल्यावर चहा चाळण्यांतून चाळला जातो आणि आकारानुसार त्याची प्रतवारी होते. वरच्या चाळण्यांवर मोठा दाणा राहतो, खाली बारीक दाणा आणि सर्वांत खाली डस्ट. डस्ट या शब्दामुळे तो झाडून गोळा केलेला कचरा असावा असा समज होतो, पण ते केवळ आकाराचे नाव आहे. चांगल्या बागेच्या डस्टला लिलावात चांगला भाव मिळतो. कण जितका बारीक, तितका त्याचा पाण्याशी संपर्क जास्त आणि रंग लवकर. म्हणून हॉटेलात, जिथे एका उकळीत कडक चहा हवा असतो आणि पाठोपाठ गिऱ्हाईक उभे असते, तिथे डस्ट सोयीची ठरते. घरी चार-पाच मिनिटे उकळणाऱ्यांनी दाणा घ्यावा, कारण तितक्या वेळात डस्ट कडवट होते आणि गाळणीतून तळाशी गाळही उतरतो. ज्यांना चव दाण्याची आणि रंग डस्टचा हवा असतो, त्यांना दुकानदार दोन्ही मिसळून देतात. तीन भाग दाण्याला एक भाग डस्ट हे मिश्रण मला घरगुती पातेल्यासाठी समाधानकारक वाटले आहे.

ऑर्थोडॉक्समध्ये कोणता

कोरा चहा प्यायचा असेल तरच या विभागात शिरावे. येथे प्रदेशाबरोबरच खुडणीचा हंगामही पाहावा लागतो, आणि तो मोसम प्रक्रियाही बदलतो, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

दार्जिलिंगमध्ये हिवाळ्यानंतरची पहिली खुडणी फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत चालते. तिला फर्स्ट फ्लश म्हणतात. या पानांतील ओलावा कोमेजवतानाच इतका कमी केला जातो की विकरांना पुढे पूर्ण काम करता येत नाही. त्यामुळे हा चहा नावाने काळा असला तरी त्यात हिरवी पाने दिसतात, पाणी फिकट सोनेरी होते आणि चव ताज्या, किंचित तुरट फुलांसारखी लागते. मे-जूनमधील दुसऱ्या खुडणीला सेकंड फ्लश म्हणतात. त्या काळात तुडतुड्यांसारखे बारीक हिरवे कीटक पानांचा रस शोषतात, झाड स्वतःच्या बचावासाठी सुगंधी द्रव्ये तयार करते आणि पुढे ऑक्सिडीकरणात त्यांचा मस्काटेल म्हणून प्रसिद्ध असलेला, पिकलेल्या द्राक्षांची आठवण करून देणारा गंध बनतो. तैवानमधील ‘ओरिएंटल ब्यूटी’ या ऊलाँगचा सुगंधही अशाच कीटकांमुळे येतो. पावसाळ्यातील पान भरभर वाढते आणि त्याची चव सपाट असते, तर शरद ऋतूतील चहा तांबूस आणि मऊ असतो. जिभेला आपल्या नेहमीच्या चहाची सवय असेल तर फर्स्ट फ्लशने सुरुवात करू नये. तो ‘पाणचट’ वाटून मन उडण्याची शक्यता असते. सेकंड फ्लशने सुरुवात केली तर ओळखीचा तांबडा रंगही मिळतो आणि नवी चवही कळते.

आसामचा ऑर्थोडॉक्स याहून वेगळा आहे. रुंद पान, उष्ण खोरे आणि पूर्ण ऑक्सिडीकरण यांमुळे तो गडद आणि भरीव असतो, आणि त्याची चव भाजलेल्या धान्याकडे झुकते. जूनच्या सुमारास होणाऱ्या दुसऱ्या खुडणीच्या चहात सोनेरी टोके दिसतात. त्या कोवळ्या कळ्या असतात. ऑर्थोडॉक्स असूनही थोडे दूध पेलणारा हा चहा आहे, म्हणून ज्या घरात एकाला कोरा आणि दुसऱ्याला दुधाचा हवा असतो, तिथे मी हाच सुचवीन. तो चांगला आहे की नाही याची एक सोपी खूण अशी : कडक कोरा कप बाजूला ठेवून पूर्ण थंड होऊ दिला की तो गढूळ, दुधाळ दिसू लागतो. पुष्कळ जण ते चहा बिघडल्याचे लक्षण समजतात, पण थिआफ्लेविन आणि कॅफीन थंडपणामुळे एकत्र बांधले जाऊन तसे होते, आणि त्यातून चहाचा कस कळतो.

निलगिरीचा चहा सर्वांत सोपा आहे. तो सुवासिक, मध्यम अंगाचा असतो, सहसा कडू होत नाही आणि थंड झाल्यावर फारसा गढुळत नाही, म्हणून बर्फाच्या किंवा लिंबाच्या चहासाठी त्याच्यासारखा दुसरा नाही.

दार्जिलिंग घेताना फसवणुकीची शक्यता धरूनच चालावे. भारतात भौगोलिक मानांकन मिळालेले ते पहिले उत्पादन आहे, त्या नावाचा हक्क दार्जिलिंगमधील ८७ बागांपुरता मर्यादित आहे आणि त्यांचे वार्षिक उत्पादन एक कोटी किलोच्या आत आहे. बाजारात त्या नावाने विकला जाणारा सगळाच चहा त्यांतून येणे शक्य नाही. पुड्यावर चहाचे पान हाती धरलेल्या स्त्रीची गोल मुद्रा, बागेचे नाव आणि खुडणीचा हंगाम या तीनही गोष्टी असतील तरच दार्जिलिंगचा भाव द्यावा. ‘दार्जिलिंग टाइप’ किंवा नुसते ‘हिमालयीन’ असे लिहिले असेल, तर तो चहा कदाचित चांगलाही असेल, पण त्यासाठी तितके पैसे देऊ नयेत.

हिरवा चहा : वाफ की कढई

हिरव्या चहात पान खुडल्यावर लवकरात लवकर उष्णता देऊन विकरे निकामी केली जातात, जसे आपण हिरवा रंग टिकावा म्हणून पालक उकळत्या पाण्यातून काढतो. ही उष्णता कशी दिली, यावर चव अवलंबून असते. जपानमध्ये पाने थोडा वेळ वाफवतात. त्यामुळे सेंचासारख्या चहाचा रंग गर्द हिरवा आणि चव ओल्या गवताकडे, कधी समुद्राच्या शेवाळाकडे जाणारी असते. चीनमध्ये पाने तापलेल्या कढईत हाताने परततात. त्यामुळे लोंगजिंगसारख्या चहाला भाजल्याचा, सुकामेव्याच्या जवळचा खमंग वास येतो. भाजलेल्या शेंगदाण्याच्या वासावर वाढलेल्या जिभेला दुसरा प्रकार आधी आवडतो, असा माझा अनुभव आहे. माचा हा जपानी प्रकार आणखी वेगळा : झाडांवर साधारण तीन आठवडे सावली करून, पाने वाफवून, वाळवून, शिरा काढून, जात्यावर दळतात. तो गाळला जात नाही, पानच पोटात जाते. भारतात हिमाचलमधील कांग्रा खोरे जुन्या काळापासून हिरव्या चहासाठी ओळखले जाते. १९०५ च्या भूकंपाने तिथला व्यवसाय मोडला, पण तो संपला नाही, आणि वाजवी भावात हिरव्या चहाची ओळख करून घ्यायची असेल तर कांग्रा हे चांगले ठिकाण आहे.

ग्रीन टी कडू लागतो म्हणून नाक मुरडणाऱ्या बहुतेकांनी तो उकळत्या पाण्यात केलेला असतो. त्यात कॅटेचिन जसेच्या तसे असतात आणि उकळते पाणी ते एकदम बाहेर काढते. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागले की, म्हणजे ७० ते ८० अंशांच्या दरम्यान, पाणी उतरवावे, पानांवर ओतावे आणि दोन मिनिटांत गाळावे. त्यानंतर मध किंवा लिंबू घालण्याची गरज वाटते का, ते पाहावे. स्वस्त टी-बॅगमध्ये बहुधा चाळणीखालचे बारीक तुकडे असतात आणि ते लवकर कडू होतात. त्याच पैशांत थोडी पण सुटी पाने घेणे अधिक शहाणपणाचे आहे.

वजन कमी होईल म्हणून ग्रीन टी घ्यायचा असेल तर मी तो घेऊ नये असेच सांगेन. साखर आणि दूध वगळल्याने जे कमी होते, ते कोऱ्या काळ्या चहानेही होते. चव आवडली तरच तो रोज प्यायला जातो.

ऊलाँग, पांढरा आणि पू-अर

ऊलाँग करायला सर्वांत कठीण. पाने उन्हात कोमेजवून बांबूच्या टोपल्यांत पुन्हा पुन्हा हलवतात. फक्त कडा ठेचकाळतात आणि लाल होतात, मधला भाग हिरवा राहतो, आणि मग कढईच्या उष्णतेने तो बदल थांबवला जातो. फूजिआन प्रांतातल्या आनशीचा तिएग्वानयीन हलका आणि फुलांच्या वासाचा असतो, तर तिथल्याच वूयी डोंगरांतले ऊलाँग निखाऱ्यावर भाजलेले, गडद आणि धुरकट असतात. लहान किटलीत जास्त पाने घालून अर्ध्या-एक मिनिटाची पाच-सहा पाणी काढणे ही त्याची रीत आहे. सकाळच्या घाईत हे जमणार नाही. रविवारी दुपारी निवांत बसणाऱ्याने तो घ्यावा.

पांढऱ्या चहावर सर्वांत कमी संस्कार होतात : पांढरी लव असलेल्या कळ्या दोन-तीन दिवस कोमेजवतात आणि वाळवतात, वळत नाहीत की परततही नाहीत. चव अत्यंत सौम्य असते आणि किंमत चढी. पहिल्या खरेदीसाठी तो मला योग्य वाटत नाही.

पू-अर हा चीनच्या युन्नान प्रांतातला चहा, वर म्हटलेला खरोखर आंबवलेला प्रकार. त्यात जंतू आणि बुरशी काम करतात. वर्षानुवर्षे साठवून तो आपोआप मुरतो, किंवा १९७३ मध्ये कुनमिंगच्या कारखान्यात विकसित झालेल्या पद्धतीने ओले ढीग झाकून काही आठवड्यांत मुरवला जातो. त्याचा वास पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा, कधी जुन्या लाकडासारखा असतो. आवडणाऱ्याला तो फार आवडतो. इतरांनी आधी दुसऱ्याच्या घरी एक कप पिऊन पाहावा.

भाव किलोचा नव्हे, कपाचा पाहावा

एका कपाला २ ग्रॅम चहा धरला तर किलोत ५०० कप होतात. समजा सीटीसी ५०० रुपये किलो असेल, तर कपाला १ रुपयाचा चहा लागतो. ऑर्थोडॉक्स ३,००० रुपये किलो असेल, तर कपाला ६ रुपयांचा, पण तीच पाने दोनदा वापरली तर ३ रुपयांचा. ऊलाँगची पाच पाणी निघत असतील तर किलोचा डोळे विस्फारणारा भाव कपावर तितका भारी पडत नाही. सीटीसीच्या कपात वर दूध आणि साखर येते आणि त्यांचा खर्च चहाच्या कितीतरी पट असतो. म्हणून दिवसातले चारपैकी दोन कप कोऱ्या चहाचे केले तर महाग चहा आणूनही महिन्याचा हिशोब फारसा बिघडत नाही.

कॅफीनच्या बाबतीत रंगावर जाऊ नये. पांढऱ्या चहाच्या कोवळ्या कळ्यांतही कॅफीन भरपूर असते. कपात किती उतरते हे पानाचे प्रमाण, पाण्याची उष्णता आणि वेळ यांवर ठरते. पाच मिनिटे उकळलेल्या सीटीसीत ते जास्त उतरते, दोन मिनिटे कमी तापलेल्या पाण्यात ठेवलेल्या हिरव्या चहात कमी. मात्र एक गोष्ट सर्व प्रकारांना सारखी लागू आहे : चहातील पॉलिफेनॉल धान्य-भाज्यांतील लोह शरीरात शोषले जाण्यात अडथळा आणतात. पोह्यांवर लिंबू पिळल्याने लोह मिळायला जी मदत होते, ती लगेच घेतलेल्या चहाने बरीचशी वाया जाते. घरात कोणाचे हिमोग्लोबिन कमी असेल तर चहा कोणताही असो, खाणे आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे.

सुटा चहा तपासताना

सुटी पावडर घेणाऱ्यांनी दोन तपासण्या घरीच कराव्यात. ओल्या टिपकागदावर चिमूटभर चहा पसरून, थोडे पाणी शिंपडून, काही वेळाने पावडर झटकून कागद नळाखाली धरावा. शुद्ध चहाचा डाग पुसट असतो, कृत्रिम रंग घातला असेल तर पिवळे, गुलाबी किंवा लालभडक ठिपके उमटतात. दुसरी तपासणी चुंबकाची. सीटीसीच्या रुळांचे दात झिजतात आणि लोखंडाचे बारीक कण चहात येऊ शकतात, म्हणून कारखान्यांत चुंबक लावलेले असतात आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाने किलोमागे १५० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. चुंबकाला एखाददुसरा कण चिकटला तर घाबरण्याचे कारण नाही. पण काळी मिशी उभी राहत असेल, तर तो चहा परत करावा. ऑर्थोडॉक्समध्ये पान दातांतून जात नसल्यामुळे हा प्रश्न जवळजवळ येत नाही.

किती घ्यायचा, कुठे ठेवायचा

नेहमीचा सीटीसी अर्धा किलो घेतला तरी चालतो, घट्ट झाकणाच्या डब्यात तो वर्षभर राहतो. हिरवा चहा आणि दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश यांचा ताजेपणा मात्र काही महिन्यांतच ओसरतो, म्हणून ते एका वेळी १०० ग्रॅमहून जास्त घेऊ नयेत. एप्रिल-मेमध्ये आलेला फर्स्ट फ्लश दसऱ्याच्या आत संपवावा. चहा वास फार पटकन ओढून घेतो. मोगऱ्याच्या जातीच्या फुलांमध्ये ठेवून सुगंधी केलेला चिनी चहा याच गुणाचा उपयोग करून घेतो, पण आपल्या फडताळात शेजारी गोडा मसाला, हिंग आणि मिसळणाचा डबा असतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डबा दिवसातून चार वेळा उघडला की दाणा सर्दावतो, त्याला कुबट वास येतो आणि दोष बागेला दिला जातो. म्हणून जून लागण्याआधी आठवड्यापुरता चहा लहान डबीत काढावा, उरलेला धातूच्या डब्यात घट्ट बंद करून मसाल्यांपासून दूर ठेवावा आणि पुडा फोडल्याची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावी.